लेण्यांतला अंधार आणि आपला कॅमेरा

छायाचित्रण हा पैसेवाल्यांचा छंद, असा समज आपल्या वस्त्यांमधून पुष्कळ वर्षे होता आणि तो खोटाही नव्हता. रोलचे पैसे, तो धुण्याचे पैसे, प्रिंटचे पैसे वेगळे. छत्तीस फोटोंत अख्खे लग्न उरकावे लागे. आता खिशाखिशात कॅमेरा आहे. तरीही लेणी पाहून परत आलेल्या मंडळींचे फोटो एकत्र पाहायला बसलो की तीच रड: चेहरे काळे, खांब तिरपे, मूर्ती चपट्या, आणि सगळे थोडे हललेले. स्मरणिकेसाठी फोटो निवडण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आल्यामुळे हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून लेण्यांतले फोटो चांगले कसे यावेत एवढ्यापुरतेच येथे लिहितो. लेण्यात जमले तर विहारात, घरात, रात्रीच्या कार्यक्रमात आपोआप जमेल, कारण अडचण सगळीकडे एकच: प्रकाश कमी.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. २००४ साली वस्तीतली मंडळी कार्ल्याला गेली होती. आम्ही नुकतेच बी.ए. झालेलो, मित्राचा रोलचा कॅमेरा मागून आणलेला, आत २०० आयएसओचा रोल. सोबत वस्तीतल्या एक आजी होत्या. जन्मभर बांधकामावर पाट्या वाहिलेल्या आणि लेणी कधी न पाहिलेल्या. पायऱ्या चढून त्या चैत्यगृहात आल्या, वर लाकडी कमानींकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, हितं माझा एक फोटू काढ." आम्ही त्यांना दोन्ही बाजूंच्या खांबांच्या मधोमध उभे केले, स्वतः स्तूपाकडे गेलो आणि बटण दाबले. रोल धुऊन आला तेव्हा त्या फोटोत मागची मोठी कमानदार खिडकी लख्ख पांढरी होती आणि आजींच्या जागी एक काळी आकृती. २०१२ साली त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ठेवायला घरात त्यांचा धड फोटो नव्हता. शेवटी निवडणूक ओळखपत्रावरचा मोठा करून लावला.

चूक काय झाली, ते समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातला मीटर समोरून येणारा प्रकाश मोजतो आणि ते सगळे मिळून मध्यम राखाडी असावे असे गृहीत धरतो. त्याला आजी ठाऊक नाहीत, खिडकीही ठाऊक नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे आणि आम्ही दुपारनंतर खिडकीकडे तोंड करून उभे होतो. मीटरने तो उजेड मोजला आणि प्रकाश आत घेणे कमी केले. आजींच्या चेहऱ्यापर्यंत हिशेब पोचलाच नाही. उपाय अगदी साधा होता. आम्ही दाराकडे पाठ करायची, आजींचे तोंड दाराकडे. तो सुंदर मऊ प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर पडला असता आणि मागे स्तूप आला असता. जागा बदलायला दहा पावले आणि खर्च शून्य. मोबाइलवर आणखी एक सोय आहे: पडद्यावर चेहऱ्याला बोट लावावे, म्हणजे मीटर तेथला प्रकाश मोजतो. बोट लावल्यावर बाजूला सूर्यासारखे चिन्ह आले तर ते वरखाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये हे असते आणि बहुतेकांनी ते कधी वापरलेले नसते.

मीटरची ही सवय पांढऱ्या साड्यांच्या बाबतीत उलटी नडते. पौर्णिमेच्या कार्यक्रमात पन्नास उपासिका पांढऱ्या साड्यांत बसलेल्या असतात. मीटर म्हणतो, फार उजेड झाला. मग साड्या मळकट राखाडी येतात आणि चेहरे काळवंडतात. तेथे उजेड एक घर वाढवून घ्यावा. काळ्या पाषाणाचे नेमके उलट, तो फिकट राखाडी येतो. तेथे एक घर कमी करावा. पांढऱ्या साडीचा एक फायदाही सांगून ठेवतो. दाराजवळ बसलेल्या बाईच्या पांढऱ्या पदरावरून परतलेला प्रकाश शेजारणीचा चेहरा उजळतो. स्टुडिओवाले त्यासाठी पांढरा थर्माकोल धरतात. आपल्याकडे तो आयता असतो.

आता तीन किल्ल्यांकडे वळू. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे भोक, शटर म्हणजे ते किती वेळ उघडे राहते, आणि आयएसओ म्हणजे टिपलेला प्रकाश किती वाढवून घ्यायचा. नळ, बादली आणि वेळ यांचा हिशेब ज्याला येतो त्याला हे येते. अ‍ॅपर्चरच्या आकड्यात लोक गोंधळतात, कारण आकडा लहान तर भोक मोठे. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या क्रमात प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. समजा, ढगाळ दिवशी चैत्यगृहाच्या मध्यावर आयएसओ १६०० आणि अ‍ॅपर्चर २.८ ठेवून शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आला. त्याच जागी आमचा २०० चा रोल आणि ४ चे अ‍ॅपर्चर असते तर सुमारे अर्धा सेकंद लागला असता. अर्धा सेकंद हातात कॅमेरा स्थिर राहत नाही.

मग स्थिर कसा राहील? पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. ती योग्यच आहे. ज्या रंगांनी दीड हजार वर्षांहून अधिक काढली त्यांच्यावर रोज हजारो झोत कशाला? शिवाय समोरून मारलेला फ्लॅश शिल्पाची सावलीच मारतो. सावली गेली की खोली गेली आणि मूर्ती कागदावर छापल्यासारखी दिसते. फ्लॅश बंद ठेवावा. आम्ही झोळीत किलोभर ज्वारीची शिवलेली पिशवी नेतो. जमिनीवर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. छताचे फोटो तर याने फारच छान येतात. हातातच धरायचा असेल तर कोपरे बरगड्यांना टेकवून, अर्धा श्वास सोडून बटण हळू दाबावे. रंगवलेल्या वा कोरलेल्या खांबाला मात्र टेकू नये. घामाने आणि तेलकट हातांनी काय होते ते लेण्यांतल्या काळ्या झालेल्या कडांवर दिसतेच.

वेळेचा विचार तंत्राहूनही आधी करावा. बेडशाच्या चैत्यगृहाचे तोंड पूर्वेला, म्हणून तेथे सकाळी जावे. तिरप्या उन्हात ओवरीतल्या उंच खांबांवरची माणसे आणि जनावरे उठून दिसतात. भाजे आणि कार्ले पश्चिमेला, तेथे दुपारनंतर. आपली मंडळी जेवणाच्या सोयीने वेळ ठरवतात आणि नेमकी भर दुपारी पोचतात, याला आमच्याकडे इलाज नाही.

कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न आम्हाला बँकेच्या काउंटरवरसुद्धा विचारला जातो. आमचे उत्तर लोकांना आवडत नाही: आहे तो वापरा. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा असला तरी त्याचा रात्रीचा मोड अनेक फोटो पाठोपाठ काढून एकत्र जुळवतो, त्यामुळे दगडाचे फोटो उत्तम येतात. माणूस हलला तर मात्र तो पुसल्यासारखा होतो. म्हणून माणसांना "श्वास रोखा" सांगावे लागते. दोन बोटांनी ताणून मोठे केलेले चित्र बहुधा नुसते कापून फुगवलेले असते. त्यापेक्षा चालत पुढे जावे. ज्यांना खरेच पुढे शिकायचे आहे त्यांनी नव्या महागड्या कॅमेऱ्याच्या हप्त्यात अडकण्याऐवजी जुना वापरलेला डीएसएलआर आणि ३५ मिलिमीटरची १.८ अ‍ॅपर्चरची लेन्स घ्यावी. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स पूर्ण ताणली की तिचे अ‍ॅपर्चर ५.६ वर येते. १.८ ची लेन्स तिच्या नऊ पटींहून जास्त प्रकाश घेते. कर्ज देणारे लोक आम्हीच असूनही हे सांगतो. आणि पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवू नये, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा होतात.

रंगांची किंमत समजण्यासाठी एक जुनी गोष्ट आठवते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून तेथील चित्रांच्या तैलरंगात मोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल यांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्यासह लेण्यांच्या ७४ छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून ते वाळण्याच्या आत फोटो काढून धुवावा लागे. वाघोरा नदीच्या त्या घळीत, उन्हाळ्यात! रंग त्या छायाचित्रांत नव्हते, पण एकाच फोटोच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी गेल्या होत्या.

संपादनाविषयी आता. फोटो काढल्यावर त्यात हात घालणे म्हणजे लबाडी, असे काही वडीलधारे समजतात. तसे नाही. रोलच्या काळातही अंधाऱ्या खोलीत प्रिंट उजळ-गडद करीतच असत. कॅमेऱ्यात रॉ प्रकार असेल तर तो निवडावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातला तपशील वर काढायला या पायऱ्या उपयोगी पडतात. डिजिटल फोटोत पांढरेफट्ट झालेले काही परत येत नाही, म्हणून उजेडाचा भाग सांभाळून फोटो थोडा गडद काढावा आणि सावल्या नंतर उचलाव्यात. बल्बचा पिवळा आणि दाराचा निळसर प्रकाश एकत्र आला की रंग बिघडतात. पांढरा समतोल साधताना कुणाच्या तरी पांढऱ्या साडीवर किंवा सदऱ्यावर टिचकी मारावी, बाकीचे रंग जागेवर येतात. खांब तिरपे दिसतात ते कॅमेरा वर झुकवल्यामुळे. ते सरळ करता येतात, पण कडा कापल्या जातात, तेव्हा फोटो काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडावी. संगणकावर डार्कटेबल आणि गिम्प, मोबाइलवर स्नॅपसीड हे फुकट आहेत आणि विद्यार्थ्यांना पुरेसे आहेत.

एका गोष्टीवर मात्र आमचा राग आहे. मोबाइलमधला सौंदर्य मोड बंद करा. तो सुरकुत्या पुसतो आणि न विचारता माणसाला गोरे करतो. रोलच्या काळात पाश्चात्त्य प्रयोगशाळा रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेले 'शर्ली कार्ड' वापरीत आणि सावळ्या माणसांचे चेहरे त्यात बिघडत. ते दिवस गेले. आता आपल्याच मुलांनी आपल्याच आयांना गोरे करून पाठवावे, हे आम्हाला सोसत नाही. आलेला फोटो पुन्हा पाठवा म्हणून आम्ही सांगतो, त्यावर काही मंडळी रुसलीही आहेत.

आजींच्या त्या निगेटिव्हकडे परत येतो. आम्ही ते चांगल्या स्कॅनरवर करून आणले आणि सावल्या जितक्या उचलता येतील तितक्या उचलल्या. कपाळाची कड, कानातले आणि पदराचा काठ एवढेच आले. चेहऱ्याच्या जागी दाणे. फिल्मवर प्रकाश पडलाच नव्हता, तेव्हा तेथे काढण्यासारखे काही नव्हते. अलीकडे आजींच्या नातवाने तोच फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका अ‍ॅपमध्ये घातला. क्षणात चेहरा आला. डोळे स्वच्छ, दात सरळ, ओठांवर हसू. घरातली लहान मुले खूश झाली. आजींची मुलगी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसली आणि म्हणाली, "ही कोण बाई?" आजींचा पुढचा एक दात पडलेला होता आणि भुवईवर विटेची खूण होती. यंत्राला ते कोठून कळणार? त्याने कुठल्या तरी हजारो म्हाताऱ्यांवरून एक म्हातारी बनवली होती. नातवाने ते चित्र पुसले. ओळखपत्रावरचा पुसट फोटो घरात अजून आहे.

छपाईला देताना दोन सूचना. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो पाठवला की तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. छपाईत इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे सहा बाय चार इंचांच्या फोटोला १८०० बाय १२०० ठिपके हवेत. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत याहून कितीतरी जास्त असतात. कमी पडतात ते फक्त फिरत-फिरत आलेल्या फोटोत. मूळ फोटो तीन ठिकाणी ठेवावेत, त्यांतले एक ठिकाण घराबाहेरचे असावे. फाइलला तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे द्यावीत, डावीकडून उजवीकडे. जुन्या प्रिंटच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. कार्ल्याच्या त्या काळ्या फोटोमागे आम्ही आजींचे नाव, गाव आणि तारीख तशी लिहिली आहे, आणि खाली आणखी एक ओळ: 'मागे खिडकी होती.'