आपल्याच गावाची ओळख : वाशीम

अजिंठ्यातील सोळाव्या क्रमांकाचे लेणे वराहदेवाने कोरविले. हा वराहदेव वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव होता. हरिषेणाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशीम. अजिंठ्याच्या सहलीस निघणाऱ्या वाशीमच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट प्रथम आपल्या गावीच समजावयास हवी. कलेचा शोध घराबाहेर पडल्याबरोबर सुरू करता येतो.

नोंदीचे मोल

१९३९ साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. वंशावळीचा भाग संस्कृतात व दानाचा तपशील प्राकृतात असलेल्या या लेखामुळे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास स्पष्ट झाला. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. पारिजातहरणाच्या कथेवर त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली. परंतु संपूर्ण काव्य आज उपलब्ध नाही. उत्तरकालीन ग्रंथांतील उल्लेख व अवतरणे एवढीच त्याची खूण उरली आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्मातच लावला आहे.

तांब्यावर कोरलेले टिकले. राजाने रचलेले काव्य मात्र लोपले. मग जे केवळ ओठांवर व हातांत आहे, त्याची काळजी किती घ्यावयास हवी!

गीत आणि खिरापत

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडातील मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयाची असते. डबा हलवून, आवाज ऐकून एकेका पदार्थाचे नाव घेतले जाते. गाणे व पदार्थ यांचे शिक्षण येथे एकत्रच होते. गाणे बंद पडले की पदार्थांच्या नावांची ही उजळणीही थांबते.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. होळीची लेंगी गीते, नगाऱ्याचा ठेका, आरसे व कवड्या लावलेले भरतकाम ही या समाजाची कलासंपदा. पोहरादेवी येथे २०२४ साली बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संग्रहालय वस्तू जपते; गीत मात्र तांड्यातील कंठांतूनच जिवंत राहते.

शेत बदलले, ताट बदलले

गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, त्यांच्यासोबत वरण व वांग्याची भाजी. ज्वारीची भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी हा वऱ्हाडी आहार आहे. पूर्वी ज्वारीच्या शेतात अंबाडीच्या ओळी असत. पाल्याची भाजी होई, सालीच्या वाखाचे दोर वळले जात. सोयाबीनचा पेरा वाढला, ज्वारीचे क्षेत्र घटले आणि अंबाडीही मागे पडली. एका पिकाबरोबर भाकरी, भाजी व दोर वळण्याची कला अशा तिन्ही गोष्टी क्षीण होतात. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, हे मान्य करूनही या हानीची नोंद आवश्यक ठरते.

काय करता येईल?

शिक्षकांनी एका वर्गास एक ऋतू नेमून द्यावा. विद्यार्थ्यांनी घरातील आजीकडून पदार्थाचे नाव, धान्य, भांडे, कृती व प्रसंग विचारून लिहावा. सोबतचे गाणे तिच्याच बोलीत, शब्द न सुधारता उतरवावे. पद्मतीर्थ, अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधविलेले बालाजी मंदिर, कारंजा येथील जैन मंदिरे व तेथील हस्तलिखितांची परंपरा यांची ओळख स्थानिक सहलीतून करून द्यावी.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. करटुली, तरोटा, घोळ यांसारख्या रानभाज्या व जुनी वाणे तीत नोंदविताना पंचायत सदस्यांनी त्यांची पाककृतीही जाणत्या स्त्रियांकडून लिहून घ्यावी. शाळेची वही व पंचायतीची नोंदवही एकमेकींशी ताडून पाहिल्यास दोन्ही अधिक विश्वसनीय होतील.

सर्वसेनाचे काव्य परत आणणे कोणाच्याही हाती नाही. आजीचे गाणे आणि तिच्या हातचे रोडगे यांची नोंद मात्र याच वर्षी होऊ शकते.