रतीब, वर्गणी आणि खाडा

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरावर दर महिन्याला काही तारखांवर निळ्या शाईची फुली असते. त्या दिवशी दुधाचा रतीब घेतलेला नसतो. महिनाअखेरीस गवळीमामा दारात आले, की आई फुल्या मोजते, तितके खाडे वजा करते आणि उरलेल्या दिवसांचे पैसे त्यांच्या हातावर ठेवते. या व्यवहारात वाद क्वचितच होतो. न घेतलेल्या दुधाचे पैसे द्यायचे नसतात, हे दोन्ही पक्षांना मान्य असते.

याच घरात गेल्या ऑक्टोबरपर्यंत आणखी एक रतीब चालू होता. त्याला मात्र खाडा नव्हता. वडिलांच्या नावे ॲमेझॉन प्राइमचे वार्षिक सदस्यत्व होते. वर्षाला 1,499 रुपये. त्यात घरपोच माल मागविण्याचे भाडे माफ, आणि मोबाइलवर चित्रपट व मालिका. सप्टेंबरात नूतनीकरणाची तारीख जवळ आली, त्याच सुमारास मला गावातील अभ्यासिकेत जागा मिळत होती. तिचे शुल्क महिना 500 रुपये. बाबांची मिळकत बेताची, आई शिवणकाम करते. दोन्ही खर्च एकदम पेलण्यासारखे नव्हते. अभ्यासिकेचे तीन महिने म्हणजे 1,500 रुपये. प्राइमच्या वर्गणीपेक्षा एक रुपया जास्त. वर्गात 'संधी खर्च' शिकताना फळ्यावर तोफा आणि लोणी यांचे उदाहरण असते. आमच्या घरी ते असे अवतरले. सरांनी अंतर्गत मूल्यमापनासाठी घरगुती खर्चाचा एखादा अभ्यास करण्यास सांगितले होतेच. मी हाच विषय घेतला. प्रस्तुत लेख त्या टिपणावरून तयार केला आहे.

प्रथम दराकडे पाहू. प्राइम भारतात जुलै 2016 मध्ये आले, तेव्हा प्रास्ताविक दर वर्षाला 499 रुपये होता. 2017 मध्ये तो 999 झाला आणि डिसेंबर 2021 मध्ये 1,499. म्हणजे साडेपाच वर्षांत तिप्पट. 499 हा आमिषाचा दर म्हणून सोडून दिला, तरी 999 रुपयांवर दरसाल 5 टक्के चक्रवाढ धरल्यास चार वर्षांत 1,215 च्या आसपास आकडा येतो. महागाईने एवढीच वाढ समजू शकते. त्यापुढचे पावणेतीनशे रुपये महागाईच्या खात्यावर टाकता येत नाहीत. अमेरिकेतही हेच घडले. तेथे 2005 मध्ये 79 डॉलरने सुरू झालेली वर्गणी 2014 मध्ये 99, 2018 मध्ये 119 आणि 2022 मध्ये 139 डॉलर झाली.

मार्शलने 1890 च्या ग्रंथात ज्या संतोषाधिक्याचा विचार मांडला, ते आपण परीक्षेपुरते पाठ करतो: वस्तूवाचून राहण्यापेक्षा ग्राहक जी किंमत देण्यास तयार असतो, ती आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतील फरक. विक्रेता आरंभी हे आधिक्य मुक्तहस्ते ग्राहकाकडे राहू देतो. सवय जडली, की पुढे थोडेथोडे ते परत काढून घेतो. किती काढता येईल हे मागणीच्या लवचिकतेवर अवलंबून. याचे एक सुंदर उदाहरण त्याच डिसेंबर 2021 मध्ये मिळते. प्राइमने दर वाढविले त्याच महिन्यात नेटफ्लिक्सने भारतातील आपले दर उतरविले. मोबाइलपुरता दर 199 वरून 149 वर आणि त्यावरचा मूळ दर 499 वरून 199 वर आला. एकाला वाटले, आपले ग्राहक जाणार नाहीत. दुसऱ्याला वाटले, स्वस्त केल्याविना नवे येणार नाहीत. देश एक, महिना एक, पण लवचिकतेचे अंदाज निराळे.

किंमत वाढविण्याची दुसरीही रीत आहे. पार्ले-जीचा पुडा वर्षानुवर्षे त्याच किमतीला मिळत राहिला आणि वजनाने मात्र रोडावत गेला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जून 2025 पासून भारतातील प्राइमच्या चित्रपट-मालिकांमध्ये जाहिराती येऊ लागल्या. जाहिराती नकोत तर वर्षाला 699 रुपये निराळे. वर्गणीचा आकडा तोच राहिला. पुडा लहान झाला.

आता वहीकडे वळतो. जुलै ते सप्टेंबर 2025 या तीन महिन्यांत घरी आलेल्या प्रत्येक पार्सलाची मी नोंद ठेवली. एकूण 17 पार्सले आली. सदस्य नसतो तर लहान मागणीवर 40 रुपये भाडे पडले असते असे धरले. सतरा गुणिले चाळीस, 680 रुपये. उलट तीन महिन्यांच्या वर्गणीचा वाटा 375 रुपये. बाबा म्हणाले, "बघ, फायद्यातच आहे. उगाच कशाला बंद करायचं?" मलाही क्षणभर तसेच वाटले.

परंतु यादी पुन्हा वाचताना पायाखालची वाळू सरकू लागली. 17 पैकी 5 वस्तू मोठ्या रकमेच्या होत्या. त्यांवर सदस्य नसलेल्यालाही भाडे पडले नसते. राहिली 12. त्यांत बॉबिनची एक डबी होती, मोबाइलचे आवरण होते, दोन दिवसांच्या अंतराने मागविलेल्या दोन पेनांच्या पाकिटांच्या दोन मागण्या होत्या (या माझ्याच), आणि एक लिंबू पिळायचे यंत्र होते, ज्याने आजतागायत एकही लिंबू पिळलेले नाही. भाडे द्यावे लागले असते, तर या बारापैकी 7 वस्तू आम्ही एकत्र मागविल्या असत्या, बाजारातून आणल्या असत्या किंवा मुळीच घेतल्या नसत्या. खरी बचत उरली 5 पार्सलांची, 200 रुपयांची.

ही चूक केवळ माझ्या गणिताची नव्हती. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्ये डिस्नेलँडच्या उदाहरणावरून एक प्रश्न मांडला होता: बागेच्या मालकाने प्रवेशाचे तिकीट महाग ठेवावे, की आतील प्रत्येक पाळण्याचे? प्रवेशाला एकदा पैसे घेतले आणि आत सर्व फुकट ठेवले, की पुढच्या प्रत्येक फेरीची सीमांत किंमत शून्य होते आणि माणूस मन भरेपर्यंत फेऱ्या घेतो. या फेऱ्यांना त्याने एरवी प्रत्येकी तिकीट काढले असते, असे धरून 'मी इतके वाचविले' म्हणणे ही आत्मवंचना होय. वर्गणीनेच निर्माण केलेली मागणी वर्गणीच्या फायद्यात जमा करता येत नाही. माझ्या मते सदस्यत्वाच्या हिशेबात सर्वांत अधिक फसगत होते ती येथेच.

दुसरी फसगत मला स्वानुभवाने ठाऊक होती. प्रथम वर्षाला असताना मी एका व्यायामशाळेचे वर्षाचे 3,600 रुपये भरले आणि दिवाळीनंतर तिची पायरी चढलो नाही. पैसे भरल्याची टोचणी मार्चपर्यंत राहिली, पाय मात्र हलले नाहीत. पुढे वाचनात आले, की या रोगाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. स्टेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके मालमेंडिअर यांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या 7,752 सदस्यांची तीन वर्षांची हजेरी तपासली व 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याला 70 डॉलरहून अधिक वर्गणी देणारे सदस्य सरासरीने महिन्यातून 4.3 वेळाच येत. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरहून अधिक पडत. दहा खेपांचा पास घेतला असता तर तेच 10 डॉलरात भागत होते. माणूस वर्गणी भरताना आजच्या स्वतःचा विचार करीत नाही. पहाटे पाचला उठणाऱ्या एका काल्पनिक गृहस्थासाठी तो पैसे भरतो.

आणि भरलेले पैसे आपल्याला ओढत राहतात, तेही काही काळच. आर्क्स आणि ब्लूमर यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काहींना पूर्ण किमतीला, म्हणजे 15 डॉलरला, आणि काहींना न सांगता सवलतीत, 13 किंवा 8 डॉलरला दिली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक अधिक नाटकांना आले. उत्तरार्धात हा फरक राहिला नाही. नाटके सर्वांना तीच होती; फरक होता तो बुडीत खर्चाच्या टोचणीचा. 'इतकी वर्षे भरत आलो, आता कशाला सोडा' हे बाबांचे म्हणणे याच जातीचे. मागच्या वर्षीचे 1,499 गेले. प्रश्न पुढच्या वर्षीच्या 1,499 चा आहे.

येथवर माझे टिपण तयार होते. तीन महिन्यांचा वाटा 375, खरी बचत 200, तोटा 175. निष्कर्ष: सदस्यत्व बंद करावे व रक्कम अभ्यासिकेला द्यावी. मी ते रात्री जेवणानंतर बाबांना वाचून दाखविले. आई ब्लाऊजला हूक लावीत बसली होती. वाचून संपल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "आणि मी रोज रात्री बघते त्याचं काय धरलंस?"

मी काहीच धरले नव्हते. वहीत तो रकानाच नव्हता. रोज साडेनऊ ते अकरा ती हूक, काजे, फॉल-बीडिंग अशी हातातली कामे करते आणि समोर मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलेला असतो. माझ्या वहीने 17 पार्सले टिपली, पण सुमारे 90 रात्री तिच्या नजरेतून सुटल्या. तोट्याचे 175 रुपये म्हणजे महिन्याला 58. दिवसाला दोन रुपयांच्या आत. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईच्या एकुलत्या करमणुकीला दोन रुपये जास्त आहेत, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? आपली पाठ्यपुस्तके कुटुंबाला एक उपभोक्ता मानतात. आमच्या घरात तीन उपभोक्ते होते, आणि हिशेब लिहिणारा त्यांतला एकच होता. शिवाय वाचलेले पैसे त्यालाच मिळायचे होते.

तेव्हा हिशेब पुन्हा मांडला, या वेळी आईला शेजारी बसवून. तिने जे सांगितले ते मला पुस्तकातून मिळाले नसते. "लग्नसराईत मी कुठं बघते? मशीन चालू असलं की ऐकू येतं का काही? दिवाळीच्या आधी तेच. बघणं होतं ते पावसाळ्यात, काम कमी असतं तेव्हा." म्हणजे मी नोंदी ठेवल्या ते महिने तिच्या पाहण्याचे नेमके भर हंगामाचे होते. वर्षभराचा अंदाज त्यांवरून बांधणे चूक ठरले असते. मालिकांतल्या जाहिरातींविषयी विचारले तर म्हणाली, "बरं असतं. तेवढ्यात सुईत दोरा ओवून होतो."

आणि मग मला कॅलेंडरावरच्या फुल्या आठवल्या. प्राइमचा मासिक दर एप्रिल 2023 पासून 299 रुपये झाला होता. पाच महिन्यांचे 1,495 होतात, वार्षिक वर्गणीहून चार रुपये कमी. पाच किंवा त्याहून कमी महिने लागणार असेल तर महिन्याने घ्यावे, त्याहून अधिक लागणार असेल तर वर्षाने. आईला लागणार होते फार तर चार महिने, 1,196 रुपये. बाकीचे आठ महिने खाडा.

मात्र या युक्तीत एक गोम आहे. तोच महिना-महिना आपोआप चालू राहिला, तर वर्षाला 3,588 रुपये जातील. वर उल्लेखिलेल्या व्यायामशाळांच्या अभ्यासात असेही आढळले, की कधीही सोडता येईल म्हणून मासिक वर्गणी घेणारे सदस्यच, वर्षाची वर्गणी एकदम भरणाऱ्यांपेक्षा, वर्षानंतरही चालू राहण्याचा संभव 17 टक्क्यांनी अधिक होता. सोडू म्हणणारा सोडत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून असे आवर्ती पैसे कापण्यापूर्वी किमान 24 तास सूचना द्यावी लागते, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला भुलविणाऱ्या ज्या 13 प्रकारांना मनाई केली, त्यांत सोडण्यास अवघड अशा वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश आहे. नियम चांगले आहेत. परंतु सूचना येते ती बाबांच्या मोबाइलवर, आणि बाबा बँकेचा संदेश वीजबिलाच्या संदेशासारखाच दोन दिवसांनी वाचतात. म्हणून आपोआप पैसे कापण्याची परवानगी काढून टाकायची, आणि लागेल त्या महिन्याचे पैसे हाताने भरायचे, असे ठरले. गवळीमामांचे देतो तसे.

ऑक्टोबरात वार्षिक सदस्यत्व संपू दिले. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत घरी 6 पार्सले आली. त्यांतील दोनांवरच भाडे पडले, 80 रुपये. पेने मी चौकातल्या दुकानातून आणतो. अभ्यासिकेत माझी जागा खिडकीजवळची आहे.

आईने अर्धवट राहिलेल्या एका मालिकेचा शेवट मला डिसेंबरात विचारला. वर्गातल्या एका मित्राने ती पाहिली होती. त्याच्याकडून ऐकून मी तिला तो सांगितला. ती म्हणाली, "असा कसा संपेल? तू नीट ऐकलं नसशील." आषाढात पहिला महिना भरायचा आहे. तोवर मी दिलेला शेवट तिने मान्य केलेला नाही.