बदलापूर लोकलच्या वेळापत्रकातलं पथ्य

मधुमेहाचं निदान झालं की पहिले तीन महिने बहुतेक जण कडक पथ्य पाळतात. चहातली साखर बंद, भात बंद, पहाटे उठून चालणं सुरू. खरी परीक्षा त्यानंतर असते. पाऊस लागतो, गणपती येतात, घरात लग्न निघतं, ऑफिसात मार्चअखेर येते. हा आजार जन्मभराचा आहे आणि तीन महिन्यांच्या उमेदीवर तो सांभाळला जात नाही. मी बदलापुरात राहतो, नोकरी मुंबईत. दहाएक वर्षं मधुमेह सोबत आहे. त्यातून जे कळलं ते सांगावंसं वाटतं, कारण उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात हजारोंचा दिवस माझ्यासारखाच जातो.

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांनाही मधुमेह होता. निवृत्तीनंतर एकदा बुटात शिरलेला बारीक खडा त्यांना दिवसभर टोचत राहिला आणि कळलंच नाही. पायाची जाणीव तोवर गेलेली होती. संध्याकाळी आईने मोजा काढायला घेतला तर तो करंगळीला रक्ताने चिकटलेला. जखम चिघळली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. म्हणून चाळिशीत माझं एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, 8 च्या वर आलं तेव्हा मला आश्चर्यापेक्षा भीतीच जास्त वाटली.

आश्चर्य इतरांना वाटलं. ‘तू तर बारीक आहेस, तुला कशी साखर?’ असं सगळे विचारत. याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलंय. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडची माणसं हातापायांनी किडकिडीत असली तरी पोटात चरबी साठवतात आणि स्नायू कमी बाळगतात. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. कमरेचा घेर मोजा. पुरुषांचा 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांचा 80 सेंटीमीटरच्या आत हवा.

मला सुरुवातीला मिळालेल्या आहारतक्त्यात साडेआठला नाश्ता, अकराला फळ, दीडला जेवण, आठला रात्रीचं जेवण असं लिहिलं होतं. तक्ता चांगलाच होता. पण साडेआठला मी लोकलमध्ये एका पायावर उभा असतो आणि रात्री आठला बहुधा डोंबिवलीच्या आसपास असतो. असा तक्ता आठवडाभर पाळला जातो आणि मग फ्रिजवर चिकटून राहतो. आम्ही घरी बसून उलटा हिशेब केला. गाडीची वेळ हलणार नाही हे आधी धरलं आणि खाणं तिच्याभोवती बसवलं. निघण्यापूर्वी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. डब्यात दीड भाकरी, वाटीभर उसळ आणि भाकरीपेक्षा जास्त भाजी. संध्याकाळी ऑफिसातून निघतानाच मूठभर फुटाणे-शेंगदाणे. हा फुटाण्यांचा खुराक मला सगळ्यात उपयोगी पडला. त्याच्या आधी मी नऊ-साडेनऊला भुकेने कासावीस होऊन घरी यायचो, समोर येईल तेवढा भात खायचो आणि लगेच आडवा व्हायचो. सकाळची उपाशीपोटीची साखर त्यामुळेच चढत होती.

भात आपल्याकडे सोडवत नाही. आमच्या शेजारच्या आगरी कुटुंबात तांदळाची भाकरी हेच जेवण; उल्हासनगरच्या सिंधी मित्राकडे रविवारी दाल-पकवान ठरलेलं. कुणालाही ‘हे कायमचं सोडा’ म्हटलं तर तो फार तर वर्षभर सोडेल. मी ताटातला क्रम बदलला. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा मासे आणि सगळ्यात शेवटी अर्धी वाटी भात. याने जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मी घरच्या ग्लुकोमीटरवर स्वतः पाहिलंय. तुम्हीही पाहा: जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी बोट टोचा. कोणता पदार्थ तुम्हाला बाधतो हे दुसऱ्याने सांगण्यापेक्षा तो आकडा चांगलं सांगतो. नाचणीची पेज ‘शुगरवाल्यांना चांगली’ म्हणून मी भक्तिभावाने पीत होतो. आकड्याने ती बंद करायला लावली. पीठ पातळ शिजवलं की ते झटकन पचतं, मग धान्य कोणतंही असो. साबुदाण्याच्या खिचडीचं तर विचारूच नका.

पावसाळ्यात बदलापूर स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. जरूर घ्या. बाजारात याहून ताजी पालेभाजी मिळायची नाही. बदलापूरची जांभळंही जूनमध्ये वाटीभर खा. मात्र जांभळाच्या बियांची पावडर सुरू करून कुणी गोळ्या बंद केल्या तर त्याला हात जोडून थांबवा.

गोळ्यांवरून आठवलं, आणि ही गोष्ट मला सगळ्यांना सांगायची आहे. आमच्या लोकलच्या ग्रुपमधले एक काका संध्याकाळच्या गाडीत ठाणे गेल्यावर एकाएकी गप्प झाले. शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते, विचारलेलं कळत नव्हतं. मी म्हटलं, ‘काका, डबा खाल्लात का?’ ‘नाही रे, आता दोनदाच जेवतो,’ एवढं कसंबसं बोलले. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून निघालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरात नेलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत त्यांनी मनानेच सुरू केली होती आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र जुन्याच मात्रेत चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न नसलं तरी ती आपलं काम करतेच. कुणाच्या तरी पिशवीत मुलासाठी घेतलेला आंब्याच्या रसाचा डबा होता, तो पाजला. पंधरा-वीस मिनिटांत माणसात आले. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा. इन्शुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी, श्रावणातले उपास धरण्याआधीसुद्धा, डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. पावसात गाडी तासन्‌तास अडकते हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

व्यायामाचं मी फार लांबवत नाही. रात्री जेवून उठलं की लगेच पंधरा मिनिटं चालायचं. चालताना स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून पहाटेच्या तासाभरापेक्षा मला हे मानवलं आणि टिकलं. पावसात सोसायटीच्या जिन्यात. शिवाय आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आपल्यात स्नायूच कमी, तेव्हा नुसतं चालून भागत नाही. पायांना बधिरपणा असेल त्यांनी अनवाणी अजिबात फिरू नये. अंबरनाथच्या शिवमंदिरात भर दुपारी तापलेल्या दगडावर प्रदक्षिणा घालायची असेल तर निदान जाड मोजे घाला, आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहा.

आता कठीण भाग. सहा वर्षं माझं एचबीए1सी 6.5 च्या आसपास होतं. मग काहीही न बदलता ते चढू लागलं. तेच जेवण, तेच चालणं, वजनही तेवढंच आणि आकडा 7.6. मी खचलो. डॉक्टरांनी आधीपासून चालू असलेल्या मेटफॉर्मिनसोबत दुसरी गोळी दिली आणि समजावलं की या आजारात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. ब्रिटनच्या मोठ्या यूकेपीडीएस अभ्यासात नुसत्या आहारावर ठेवलेल्या रुग्णांपैकी 9 वर्षांनी केवळ 9 टक्क्यांचं एचबीए1सी 7 च्या खाली राहिलं होतं. तिथल्याच डायरेक्ट या अभ्यासात भरपूर वजन उतरवून 46 टक्के लोक वर्षभराने औषधाशिवाय मधुमेहमुक्त होते. दुसऱ्या वर्षाअखेर ते प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. म्हणजे साखर मागे हटू शकते, विशेषतः आजार नवा असताना आणि वजन जास्त असताना. पण ती कायमची गेली असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि गोळी वाढली म्हणून पथ्य वाया गेलं असंही समजू नका. त्या सहा वर्षांत माझे डोळे, मूत्रपिंडं आणि पाय शाबूत राहिले, त्यात पथ्याचा वाटा आहेच.

ते शाबूत आहेत हेही तपासूनच कळतं. रक्तातली साखर ज्यांना चिकटते त्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून एचबीए1सी दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी12 सुद्धा.

तुमच्या आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल आणि तुमची तिशी उलटली असेल, तर त्रास जाणवायची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयांत तिशीपुढच्यांची साखर मोफत तपासतात. येत्या आठवड्यात जाऊन या, आणि भावंडांनाही बरोबर न्या.