फाशाचे दान आणि ढालीचे मोल

फासा म्हटला की आपल्या मनात प्रथम द्यूत उभे राहते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी द्यूताचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते आणि हरणाऱ्याला गेलेल्या धनाचा शोक होतो, हे त्यांतील दोन. म्हणूनच मुलांच्या हाती वीस बाजूंचा फासा दिसला, तर पालकांना चिंता वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा फासा ज्या भूमिका-खेळांचा आहे, त्यांत पैज नसते. चार-सहा जण एका मेजाभोवती बसून मिळून एक कथा पुढे नेतात. या खेळांतील आघात व बचाव यांचे नियम अभ्यासण्याजोगे आहेत.

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ यांनी लष्करी शिक्षणासाठी नकाशावर खेळावयाचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ नियमबद्ध केला. रणांगणावरील अनिश्चितता दर्शविण्यासाठी त्यात चकमकींचा निकाल फाशाच्या साहाय्याने लावीत. युद्धखेळांच्या याच परंपरेतून १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. येथे खेळाडू सैन्य चालवीत नाही, एका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार असतो.

आजच्या नियमांनुसार बचाव करणाऱ्या प्रत्येक पात्राला एक ‘आर्मर क्लास’, म्हणजे कवचांक असतो. चिलखत, ढाल व चपळता यांवरून तो ठरतो. हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो आणि पडलेल्या दानात आपल्या सामर्थ्याची व सरावाची भर घालतो. बेरीज कवचांकाइतकी किंवा त्याहून अधिक झाली, तर वार लागतो. इजा किती झाली, हे नंतर वेगळ्या फाशांनी ठरते.

एक उदाहरण घेऊ. कवचांक १५ आहे आणि हल्लेखोराची भर ५ आहे. वार लागण्यासाठी फाशावर १० किंवा अधिक दान हवे. असे आकडे वीसपैकी अकरा. म्हणजे शक्यता ५५ टक्के. बचाव करणाऱ्याने दोन अंकांची ढाल घेतली, तर कवचांक १७ होतो, किमान १२ चे दान लागते आणि शक्यता ४५ टक्क्यांवर येते. प्रत्येक अंकाचे मोल पाच टक्के. मात्र १ पडल्यास वार चुकतोच आणि २० पडल्यास लागतोच; त्यामुळे कोणीही पूर्ण सुरक्षित नसतो.

२०१४ च्या आवृत्तीत आणखी एक नियम आला. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठे दान धरावयाचे. वरील पहिल्या उदाहरणात दोन्ही दाने चुकण्याची शक्यता ४०० मध्ये ८१ उरते. म्हणजे वार लागण्याची शक्यता सुमारे ८० टक्के होते. परिस्थिती प्रतिकूल असेल तर लहान दान धरावयाचे. तेव्हा तीच शक्यता सुमारे ३० टक्के. कौशल्य तेच, फासा तोच. फरक केवळ परिस्थितीचा.

निवासी शाळेचे कार्य या गणितातून नेमके समजते. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल यांचे रस्ते जेथे मिळतात, त्या शीळफाट्यावर शिकावयास येणाऱ्या मुलावर परिस्थितीचे आघात व्हावयाचे ते होतात. अभ्यासाची शांत जागा, वेळेवर जेवण, हाताशी पुस्तक आणि विचारपूस करणारे शिक्षक ही त्याची ढाल आहे. ढाल सगळे वार थोपवीत नाही. पण वर्षानुवर्षे, शेकडो दानांत, तिने आयुष्याची दिशा बदलते. केवळ गुणवत्तेची भाषा बोलणारे हे विसरतात, आणि केवळ नशिबाला बोल लावणारेही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून महत्त्वाची वाटावी अशी एक गोष्ट आहे. १९७४ च्या मूळ नियमांत पात्राच्या वंशावरून त्याच्या प्रगतीची मर्यादा ठरे. ‘ड्वॉर्फ’ योद्धा सहाव्या पातळीपलीकडे जाऊ शकत नसे. मानव योद्ध्याला तशी मर्यादा नव्हती. म्हणजे कितीही पराक्रम केला तरी जन्म आडवा येई. २००० च्या आवृत्तीने या मर्यादा काढून टाकल्या. २०२४ च्या आवृत्तीत ‘वंश’ हा शब्द गेला आणि प्रारंभीच्या क्षमतांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्यातील अनुभवाशी जोडली गेली.

खेळातील काल्पनिक अन्याय आणि आपल्या पूर्वजांनी भोगलेला अन्याय यांची बरोबरी होऊ शकत नाही. तरीही नियम माणसांनी लिहिलेले असतात, म्हणून माणसांना ते नाकारता आणि बदलता येतात, हे मुलांना येथे हाताळून पाहता येते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झालेल्या मनुस्मृतिदहनाचा अर्थ शिकविताना हा अनुभव उपयोगी पडेल.

तेव्हा पाल्याच्या हाती असा फासा दिसल्यास पालकांनी तो लगेच काढून घेऊ नये. तीन प्रश्न विचारावेत : पैज लावली आहे काय? नियम सर्वांना आधी ठाऊक आहेत काय? ते सर्वांना सारखे लागू होतात काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि पुढील दोहोंचे ‘होय’ असेल, तर पालकांनीही एक डाव सोबत बसावे.