मधला स्टँड

मोटारसायकलला केवळ बाजूचा स्टँड असला, की ती डावीकडे कलून उभी राहते. मागचे चाक जमिनीवरच टेकलेले असल्यामुळे साखळीला तेल देताना गाडी वीत-वीत पुढे ढकलावी लागते. म्हणून पुष्कळ लोक मधला स्टँड वेगळा विकत आणतात व घरीच बसवितात.

हे काम एंजिन थंड असताना करावे, नाहीतर सायलेन्सरचा चटका बसतो. सांगाड्याच्या तळाशी स्टँडसाठी दोन कान असतात. तेथे वंगण लावून स्टँड बसवावा आणि बोल्ट घट्ट आवळावेत. येथवर सारे सोपे असते.

खरी परीक्षा स्प्रिंगची! ती हाताने ताणून आकड्यात अडकत नाही; पकडीतून निसटली, तर डोळाही जावयाचा. जाणते कारागीर ताकद लावीत बसत नाहीत. ते स्प्रिंग एका अंगास वाकवून, उघडलेल्या वेढ्यांत एकेक नाणे सरकवितात. मग दुसऱ्या अंगास वाकवून तसेच करतात. स्प्रिंग लांबते व आकड्यात सहज बसते. स्टँड खाली ओढताच नाणी खळखळ गळून पडतात. तरीही डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता गाडी उभी करावयाची. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीस टेकवून त्याच्या दांड्यावर शरीराचा सारा भार टाकावा. दांडा तरफेचे काम करतो. हाताने फक्त गाडीला आधार द्यावा. गाडी किंचित मागे सरकत वर चढते आणि मागचे चाक अधांतरी फिरू लागते.