वर्षानुवर्षें बंद राहिलेलें मोटारसायकलीचें एंजिन पुन्हां कसें चालू करावें ?

आमच्या तालुक्यांत वाडीवाडीला एखाद्या तरी पडवींत किंवा गोठ्याच्या कडेला गोणपाटाखालीं झांकून ठेवलेली जुनी मोटारसायकल आढळते. वडिलांनीं हौसेनें घेतलेली व पुढें मुलें मुंबईस गेल्यामुळें जागच्या जागीं उभी राहिलेली, अशी तिची कथा बहुधा असते. ती भंगारांत घालावी कीं दुरुस्त करावी, असा प्रश्न गणपतीला घरीं आलेली मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. शेतकीच्या मासिकांत मोटारसायकलीचा पाठ कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु विहिरीवरील पंपाचें एंजिन आणि हें एंजिन यांची प्रकृति पुष्कळ अंशीं एकच असल्यामुळें, एकाच्या बाबतींत जें शिकावें तें दुसऱ्यास उपयोगीं पडतें.

उदाहरणादाखल आम्ही जुनी ३५० ची बुलेट घेतों. ही गाडी मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि पुढें ती आपल्याच देशांत तयार होऊं लागली. तिच्या जुन्या एंजिनाचा सिलिंडर बिडाचा, पिस्टन अल्युमिनियमच्या मिश्र धातूचा, व्यास ७० मिलीमीटर आणि धांव ९० मिलीमीटर. रचना इतकी सरळ कीं, धीर धरणाऱ्या कोणाही माणसास ती समजावी.

आमची एक चूक

प्रथम आमच्याच हातून काय झालें तें सांगतों. आठ वर्षें पडवींत असलेली बुलेट आम्हीं एका दसऱ्यास बाहेर काढली, पुसली, पेट्रोल घातलें आणि कीक मारली. कीक खालीं जाईना, तेव्हां दोघांनीं मिळून तिच्यावर भार दिला. आंत ‘कट्’ असा आवाज झाला व एंजिन फिरूं लागलें. तें चालूही झालें, पण धूर थांबेना. अखेरीस सिलिंडर उतरवून पाहिला, तों पिस्टनची एक रिंग मोडलेली व तिच्या तुकड्यानें सिलिंडरास खोल चरा पाडलेला. सिलिंडर बोअर करणें, वाढीव मापाचा पिस्टन घालणें, यांत त्या वर्षीच्या काजूचें बरेंचसें उत्पन्न गेलें. आठ वर्षांच्या गंजानें जें बिघडलें नव्हतें, तें आमच्या एका लाथेनें बिघडलें. आजच्या पाठाचें सार एवढेंच कीं, बंद एंजिनास आंत पाहिल्यावांचून कीक मारूं नये.

एंजिन जाम कां होतें ?

कोंकणांत वर्षाकाठीं तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलीच असते. एंजिन थांबतांना एखादी झडप उघडी राहिली, तर ही दमट हवा सायलेन्सरच्या वाटेनें थेट सिलिंडरांत जाते. सिलिंडराच्या भिंतीवरील तेल ओघळून गेलेलें असतें. उघड्या बिडास तांब चढतो आणि रिंगा त्यांत चिकटून बसतात. शिवाय मातीचें घर करणारी माशी सायलेन्सरचें तोंड बुजविते व हवेच्या गाळणींत उंदीर घरटें करितात. म्हणून तीं दोन्हीं ठिकाणें आधीं तपासावीं.

पहिलें काम : एंजिन मोकळें करणें

प्लग काढावा आणि विजेरीनें आंत पाहावें. नंतर एंजिनचें तेल व डिझेल समभाग घेऊन त्याचे तीन-चार चमचे प्लगच्या भोंकांतून ओतावे आणि दोन-तीन दिवस मुरूं द्यावे. तेल जिरल्यास पुन्हां घालावें. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाकावा व मागील चाक हातानें किंचित् पुढें, किंचित् मागें असें हलवावें. एकाच दिशेनें जोर करूं नये. मागें-पुढें हलविल्यानें तांब सुटतो. एकीकडे रेटल्यानें रिंग मोडते. आठवडाभरांत एंजिन हललें नाहीं, तर सिलिंडर उतरविणें हाच स्वस्त मार्ग होय. हललें, तर भोंकावर फडकें धरून कांहीं फेरे द्यावे, म्हणजे जास्तीचें तेल बाहेर पडेल. त्या वेळीं तोंड बाजूस ठेवावें.

दुसरें काम : वंगण

या एंजिनाचें तेल त्याच्याच पोटांतील निराळ्या कप्प्यांत असतें. गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली कीं, तें पंपांतून झिरपून क्रँकच्या खोलींत उतरतें. यास्तव खालचे बूच काढून सर्व तेल परातींत घ्यावें व त्याचा रंग पाहावा. काळें असल्यास चिंता नाहीं. ताकासारखें पांढुरकें असल्यास पाणी शिरलें असें समजावें व आंतील भाग डिझेलनें धुवावा. गिअरबॉक्सचें व क्लचच्या बाजूचें तेल वेगळें असतें, तेंही बदलावें. नवें तेल घातल्यावर प्लग काढलेलाच ठेवून कीक हळूहळू फिरवीत राहावें आणि डोक्याकडे जाणाऱ्या बारीक नळीचा जोड सैल करून तेथवर तेल येतें कीं नाहीं तें पाहावें. तेल आलेलें दिसेपर्यंत एंजिन चालू करूं नये.

तिसरें काम : पेट्रोल

जुनें पेट्रोल उडून जातांना मागें डिंकासारखा चिकट थर ठेवितें व कार्ब्युरेटरचे बारीक जेट त्यानें बुजतात. अलीकडे यांत एका गोष्टीची भर पडली आहे. आपल्या ऊसापासून व धान्यापासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात. त्याचें प्रमाण जून २०२२ मध्यें १० टक्क्यांवर व २०२५ सालीं २० टक्क्यांवर पोहोंचलें. ऊस पिकविणाऱ्यास ही गोष्ट हिताची खरी. पण इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें, आणि ओल फार झाली कीं पाण्यासह निराळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. जुन्या रबरासही तें सोसत नाहीं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करावी, आंत बारीक खडी व थोडें डिझेल घालून खळबळावी, आणि खडीचा खडान् खडा मोजून बाहेर काढावा. रबरी नळी नवी घ्यावी. पितळी जेटांत तार कधीं घालूं नये. भोंक केसभर वाढलें तरी पेट्रोलचें माप चुकतें. जेट भिजत ठेवून हवेच्या झोतानें साफ करावे.

चौथें काम : ठिणगी आणि टॅपेट

बॅटरी बहुधा गेलेली असते, नवी घ्यावी. पॉइंटांवर आलेला मळ बारीक पॉलिश कागदानें काढून, पूर्ण उघडले असतां त्यांतील अंतर ०.३५ ते ०.४० मिलीमीटर ठेवावें. प्लगचें अंतर सुमारें अर्धा मिलीमीटर पुरे. प्लग एंजिनास टेकवून सांवलींत ठिणगी पाहावी. मात्र तेव्हां जवळपास उघडें पेट्रोल नसावें. एंजिन थंड असतां व दोन्ही झडपा मिटल्या असतां टॅपेटच्या दांड्या बोटांनीं सहज फिराव्या, पण वर-खालीं हलूं नयेत.

चालू करणें

गाडी अंगणांत घ्यावी. बंद पडवींत धूर कोंडल्यास तो जिवावर बेततो. कीक जड लागेपर्यंत दाबावी, डिकॉम्प्रेसरची खिटी ओढून ती थोडी पुढें न्यावी, खिटी सोडावी आणि मग पूर्ण कीक मारावी. आरंभीं ओतलेल्या तेलाचा धूर येईल. तो थोड्या वेळानें निवळतो. निळसर धूर थांबलाच नाहीं, तर रिंगांची तपासणी करावी. पहिल्या दिवशीं वेग वाढवूं नये. दोन-तीन मिनिटांनीं थांबवून सर्व जोड पाहावे. रस्त्यावर नेण्यापूर्वीं ब्रेक, टायर, विमा आणि नोंदणी पाहावी. नोंदणीची मूळ मुदत १५ वर्षांची असून पुढें ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते.

पुरांत बुडालेलें एंजिन

२२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळूण शहरांत शिरलें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा वेळीं एंजिन चालतें कीं नाहीं हें पाहण्याचा मोह होतो; तो टाळावा. पाणी हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वांकते. प्लग काढावा, पाणी व तेल त्याच दिवशीं काढून टाकावें आणि सर्वत्र नवें तेल पोहोंचवावें. गाळ आंत गेला असल्यास एंजिन खोलावेंच. पंपाच्या डिझेल एंजिनासही हाच नियम लागू आहे. तेथें ठिणगीचें काम नसतें, एवढाच फरक.

असो. आगोटीची बेगमी करितांना आपण जळण व मीठ-मिरची भरून ठेवितों. त्याच वेळीं यंत्राचीही बेगमी करावी. पावसाळ्यापूर्वीं कार्ब्युरेटर रिकामा करावा, प्लगच्या भोंकांत चमचाभर तेल घालून एंजिनास दोन-चार फेरे द्यावे, दोन्ही झडपा मिटतील अशा स्थितींत तें ठेवावें आणि थंड सायलेन्सरच्या तोंडांत तेलकट फडकें कोंबावें. तें फडकें चालू करण्यापूर्वीं काढावयाचें, ही आठवण चिठ्ठीवर लिहून हँडलला बांधावी. इतकें केल्यास दिवाळींत पहिल्या दोन-तीन कीकांत एंजिन बोलूं लागेल, आणि आमच्यासारखें काजूचे पैसे सिलिंडरांत घालण्याची पाळी वाचकांवर येणार नाहीं.