हट्ट एक, उत्तरं चार

डोंबिवलीत माझं पाळणाघर आहे. आई-बाबा सकाळच्या फास्ट लोकलसाठी धावतात. संध्याकाळी कुणाला आजोबा न्यायला येतात, कुणाला घरच्या मावशी. धड बोलताही न येणाऱ्या पोराला दिवसभरात चार माणसांच्या चार तऱ्हा सांभाळाव्या लागतात. त्याने भोकाड पसरलं की प्रत्येक जण दुसऱ्याने लावलेल्या वळणाला नावं ठेवतो. इतक्या वर्षांत मला उमगलं ते असं.

१. आधी घड्याळ बघा. दुपारची झोप हुकली असेल, पोटात काही नसेल, तर तो हट्ट नव्हेच. शिस्तीवर वाद घालण्यापेक्षा वरणभात कालवावा.

२. माणसागणिक नियम वेगळे असले तरी चालतं, रडण्याचं फळ वेगळं मिळालं की फसतं. आई मोबाईल देत नाही, बाबा देत नाहीत, आजी पंधरा मिनिटं कशीबशी कळ काढतात आणि मग देतात. पोर यातून एवढंच शिकतं की पंधरा मिनिटं रडावं लागतं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरचे आपले प्रयोग १९५७ साली ग्रंथात मांडले. दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद झाला की लवकर चोच मारायचं सोडतं. ज्याला अधूनमधून, अवचित दाणा मिळालेला असतो, ते मात्र कितीतरी वेळ चोच मारत राहतं. आजींचं "आज एकदाच देते" म्हणजे तो अवचित दाणा.

आणखी एक मेख आहे. सगळ्यांनी मिळून देणं थांबवलं की सुरुवातीला रडणं वाढू शकतं. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघा, तुमच्या शिस्तीने पोर जास्तच बिघडलं." तिथे हात टेकले तर वरच्या पट्टीतल्या रडण्याला फळ मिळतं, आणि उद्यापासून तीच पट्टी. म्हणून घरात पाहुणे आहेत, गणपती आलेत, असा आठवडा यासाठी निवडू नये.

३. सगळ्यांनी पाळायचे नियम चारच ठेवा: मारायचं-चावायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, रडून मोबाईल मिळणार नाही, आणि झोपायची वेळ. बाकी आजीच्या राज्यात आजीचे कायदे. माझ्याकडे आपल्या हाताने जेवून ताटली मोरीत नेऊन ठेवणारी मुलं घरी काऊ-चिऊच्या घासांशिवाय तोंड उघडत नाहीत. इथलं वेगळं, तिथलं वेगळं, हे दोन वर्षांच्या मुलाला पक्कं कळतं. एकाच माणसाचं आज हो आणि उद्या नाही, हे कळत नाही.

४. सुनेने सांगितलं तर तो टोमणा होतो, डॉक्टरांनी सांगितलं की पथ्य. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की २ वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास. दीड वर्षाच्या बूस्टरला आजींना बरोबर न्यावं आणि हा प्रश्न त्यांच्यादेखत विचारावा.

५. काही मुलं रडता रडता श्वास कोंडतात, ओठ निळे पडतात. असं एकदा पाहिलं की घरातले सगळे हवं ते देऊन मोकळे होतात. श्वास बहुतेक वेळा आपोआप परत येतो. तोवर मुलाला कुशीवर निजवावं. गदागदा हलवू नये, तोंडात पाणी घालू नये. पण डॉक्टरांना दाखवायचंच. अशा मुलांत लोहाची कमतरता बरेचदा सापडते, म्हणजे भांडण शिस्तीचं आणि औषध लोहाचं!

६. दिवसभर शहाणं असलेलं मूल आईला बघताच दारात लोळण घेतं, चपला भिरकावतं. आई माझ्याकडे संशयाने बघते, आजी म्हणतात, "आई आली की नाटकं सुरू." नाटक नसतं ते. परक्या घरात दिवसभर आवरून धरलेलं, हक्काचं माणूस दिसलं की सुटतं. ज्या आया पर्स बाजूला ठेवून तिथेच पायरीवर बसतात आणि काही विचारत नाहीत, त्यांचं प्रकरण लवकर मिटतं. जिना चढतानाच बिस्किटाचा पुडा फोडून येणाऱ्या बाबांचं रोज वाढत जातं.

७. ज्याने नाही म्हटलं त्यानेच निस्तरायचं, बाकीच्यांनी स्वयंपाकघरात जायचं. पटलं नसेल तर मूल झोपल्यावर बोला. हात उगारला गेला तर मात्र कुणीही मध्ये पडावं. "काकू, दोन ठेवून द्या, आमची परवानगी आहे," असं सांगणारे पालक भेटतात. मी ती परवानगी घेत नाही.

८. सांभाळणाऱ्या मावशींचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मूल सर्वाधिक वेळ त्यांच्याजवळ, नियम मात्र ऑफिसातून कॅमेऱ्यात बघत फोनवर सुटतात. पोर रडलं की बोलणी त्यांना, मग त्या मोबाईल देणारच. नोकरीचा प्रश्न असतो. नियम ठरवताना त्यांना शेजारी बसवा. दुपारी नेमकं कशावरून बिनसतं ते त्यांना ठाऊक असतं. आणि एक वाक्य तोंडाने, आजींसमोर सांगून टाका: "मावशी, तो रडला म्हणून तुम्हाला कुणी काही बोलणार नाही."